हेवी रॉक दीर्घध्वनिमुद्रिका

विद्युत् गिटारचा जाड, मुद्दाम फाटका केलेला आवाज, बास गिटारचे मंद्र स्वर आणि ड्रमचे जोरकस आघात यांवर आधारलेल्या रॉक संगीताची व्हिनिल तबकडी. हा संगीतप्रकार १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंड व अमेरिकेत आकारास आला. त्याच सुमारास दीर्घध्वनिमुद्रिका म्हणजे ‘एल्‌पी’ हे रॉक संगीताचे प्रमुख माध्यम बनले होते. त्यामुळे तबकडीच्या भौतिक मर्यादांचा ठसा या संगीताच्या मांडणीवर उमटला. ती निवडताना व ऐकतानाही या मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात.

रचना : कोलंबिया या अमेरिकन कंपनीने १९४८ मध्ये ही तबकडी बाजारात आणली. तिचा व्यास सु. ३० सेंमी. असून ती मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. मंद्र स्वर कोरताना खाचेची वळणे रुंद होतात व अधिक जागा व्यापतात. म्हणून कोरताना मंद्र स्वर क्षीण व तार स्वर प्रबल करतात. वादनाच्या वेळी प्रवर्धकात याच्या उलट क्रिया घडते. तरीही एका बाजूत सु. २० मिनिटांहून बरेच अधिक संगीत बसविल्यास आवाजाची पातळी उतरवावी लागते. सुईखालून खाच सरकण्याचा वेग बाहेरील कडेस सेकंदाला सु. ५१ सेंमी., तर आतील टोकास सु. २१ सेंमी. असतो. परिणामी आतील खाचांत तार स्वर दाटीने कोरले जातात व झांजांचा आवाज चिरकण्याचा संभव वाढतो.

बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाची त्याच नावाची पहिली ध्वनिमुद्रिका या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. ती १३ फेब्रुवारी १९७० रोजी इंग्लंडमध्ये ‘व्हर्टिगो’ या छापाखाली प्रसिद्ध झाली. तीत सु. ३८ मिनिटांचे संगीत दोन बाजूंत विभागले आहे. डावखुरा गिटारवादक टोनी आयोमी याने कारखान्यातील अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावली होती. त्यामुळे तो हलक्या तारा वापरी. १९७१ च्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेतील काही गीतांसाठी त्याने गिटार दीड स्वर खाली उतरवून लावली. त्यातून या संगीताचा भारदस्त नाद सिद्ध झाला.

निवड : जुनी तबकडी तिरप्या प्रकाशात धरून ओरखडे पाहावेत. मध्यछिद्राभोवतीच्या रेषांवरून ती किती वेळा वाजविली गेली, याचा अदमास येतो. जड सुईने झालेली खाचांची झीज मात्र डोळ्यांना सहसा दिसत नाही व ती भरूनही येत नाही. म्हणून शक्य तेथे वाजवून पाहणे श्रेयस्कर. उपर्युक्त पहिल्या ध्वनिमुद्रिकेचा आरंभ पाऊस व घंटानाद यांनी होतो. या पावसात तबकडीची खरखर लपते. त्यापुढील गायनाच्या शांत भागात ती उघडी पडते. अखेरच्या खाचेजवळ कोरलेल्या क्रमांकावरून तबकडी कोणत्या साच्याची, हे ओळखता येते. पहिल्या आवृत्तीस संग्राहक अधिक किंमत देतात. परंतु झिजलेल्या पहिल्या आवृत्तीपेक्षा चांगले पुनर्मुद्रण ऐकण्यास सरस ठरते. केवळ तबकडी जड असल्याने आवाज सुधारत नाही.

वादन व जतन : सुईचा भार उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे, बहुधा १·५ ते २ ग्रॅ., ठेवतात. भार फार कमी असल्यास सुई खाचेत उसळते व तबकडीस इजा करते. ध्वनिक्षेपक वादकयंत्राच्या फळीवर ठेवल्यास मंद्र स्वरांची कंपने सुईपर्यंत पोहोचून घुमारा उत्पन्न होतो. तबकड्या उभ्या व उष्णतेपासून दूर ठेवाव्यात. कोकणासारख्या दमट हवेत त्यांवर बुरशी धरते.

१९८२ मध्ये काँपॅक्ट डिस्क आल्यावर तबकड्यांचा खप घटला. मात्र एकविसाव्या शतकात तो पुन्हा वाढला. अमेरिकेत २०२२ मध्ये, १९८७ नंतर प्रथमच, काँपॅक्ट डिस्कपेक्षा व्हिनिल तबकड्या अधिक विकल्या गेल्या. मुंबईतील ‘ऱ्हिदम हाऊस’ हे प्रसिद्ध दुकान २०१६ मध्ये बंद झाले. चोर बाजारात जुन्या तबकड्या मिळतात. एक बाजू संपली की उठून तबकडी उलटावी लागते. कलावंतांनी गीतांचा क्रम याच विरामाला धरून लावलेला असल्याने, प्रत्येक बाजू सलग ऐकली असता त्या रचनेचा पूर्ण प्रत्यय येतो.