पूर ओसरतो, हप्ते राहतात

ऑगस्ट २०१९. मी दहावीत होते. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि निपाणी-कोल्हापूर वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. आमचं घर निपाणी शहरात, त्यामुळे आमची अडचण दूध-भाजीपुरतीच होती. माझ्या वर्गमैत्रिणीचं घर मात्र नदीकाठच्या गावात. ती, आई-वडील आणि आजी शाळेच्या खोलीत मुक्कामाला, म्हशी बाहेर पटांगणात. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. महामार्ग तिथेच बुडाला आणि ही मंडळी त्याच शाळेत गेली.

मध्यंतरी तिच्या घरी गेले होते. टीव्हीवर बातमी चालू होती, कोल्हापूर-सांगलीच्या पुरासाठी जागतिक बँकेची मदत. तिचे वडील म्हणाले, “मदत म्हणत्यात खरं, पर बँक कधी फुकट देती व्हय?” मला उत्तर देता आलं नाही. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला बँकेतलं कळतं ते पासबुकापुरतं. म्हणून वाचत बसले. जे समजलं ते सोप्या भाषेत मांडते.

आधी एक शब्द. या विषयात ‘क्लायमेट रिझिलियन्स’ सारखं येतं. सरकारी मराठीत त्याचं ‘हवामान लवचिकता’ होतं आणि वाचून काहीच कळत नाही. आपल्याकडे त्यासाठी साधा शब्द आहे, तग. पूर, दुष्काळ, वादळ आलं तरी गाव तग धरून राहावं, यासाठी आधीच केलेला खर्च. उंच पूल, पक्की निवारा शाळा, वेळेवर मिळणारा इशारा, पाणी धरून ठेवणारी जमीन.

हा खर्च मोठा असतो आणि इथेच विकास बँका येतात. जागतिक बँक बाजारात रोखे विकून पैसा उभा करते आणि देशांना लांब मुदतीचं कर्ज देते. महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या पाच हजारांहून अधिक गावांसाठी नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला. त्यासाठी २०१८ मध्ये जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. मुदत २४ वर्षं, त्यात सुरुवातीची सहा वर्षं मुद्दल फेडीतून सवलत. शेततळी, ठिबक, बांधबंदिस्ती अशी ती कामं. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. कर्जाची मुदत संपेल तेव्हा अडतिशीत असेन.

हे कर्ज भारत सरकार घेतं आणि पुढे राज्याला देतं. २००५ पासून बहुतेक राज्यांना ते बँकेच्याच अटींवर मिळतं, म्हणजे डॉलर महागला तर फरकही राज्यानेच सोसायचा. २०१८ च्या सुरुवातीला डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता, आता तो ऐंशीच्या पुढे गेलाय. कृष्णा खोऱ्यातल्या पुरासाठीचा महाराष्ट्राचा नवा कार्यक्रम सुमारे ३,२०० कोटींचा आहे. त्याचाही मोठा भाग जागतिक बँकेचं कर्ज. काकांची शंका बरोबर होती.

वाचता वाचता दुसरी एक बँक भेटली, इस्लामिक विकास बँक. १९७५ मध्ये सुरू झाली, मुख्यालय सौदी अरेबियातल्या जेद्दाहला, सदस्य देश ५७. इस्लामी सहकार्य संघटनेचा सदस्य असलेल्या देशालाच इथे सदस्य होता येतं. पाकिस्तान, बांगलादेश, इंडोनेशिया आहेत, भारत नाही. आपल्याकडे कोट्यवधी मुस्लिम असले तरी सदस्यत्व देशाला मिळतं, माणसांना नाही. (भारतातल्या काही मुस्लिम विद्यार्थ्यांना या बँकेची शिष्यवृत्ती मात्र मिळत आलीय.)

इस्लाममध्ये व्याज निषिद्ध, मग बँक चालते कशी? समजा तुम्हाला शेतात मोटार बसवायचीय. साधी बँक पैसे देईल आणि व्याज घेईल. ही बँक मोटार स्वतः विकत घेईल किंवा बनवून घेईल आणि थोडा नफा धरून तुम्हाला हप्त्यांनी विकेल. धरण, रस्ता, वीज प्रकल्प यांचं असंच. रोख्यांऐवजी ‘सुकूक’ असतात. त्यांच्यामागे खरी मालमत्ता लागते आणि तिच्या उत्पन्नातला वाटा गुंतवणूकदाराला मिळतो. २०१८ मध्ये इंडोनेशिया सरकारने १२५ कोटी डॉलरचे हरित सुकूक काढले. त्यांचा पैसा पर्यावरणाच्या कामांसाठीच राखलेला होता. आपल्याला हे नवं वाटतं, पण ११७९ च्या लॅटरन परिषदेत आमच्या चर्चनेही उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफन नाकारलं होतं. गरजवंताच्या अडचणीवर नफा कमवावा का, हा प्रश्न जुनाच आहे. तरी एक खरं, व्याज म्हणा की नफा, हप्ता भरणाऱ्याला तो भरावाच लागतो.

२०२२ मध्ये पाकिस्तानात महापूर आला. ३ कोटी ३० लाख लोकांना फटका बसला, सतराशेहून अधिक माणसं गेली. जगाच्या प्रदूषणात त्या देशाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. जानेवारी २०२३ मध्ये जिनिव्हात परिषद भरली आणि ९०० कोटी डॉलरहून अधिक रकमेची आश्वासनं मिळाली. त्यात सर्वांत मोठा आकडा, ४२० कोटी, इस्लामिक विकास बँकेचा होता. बातम्यांत शब्द होता ‘मदत’. प्रत्यक्षात त्या सगळ्या आश्वासनांतला बहुतेक भाग कर्जाचा होता. देश आधीच कर्जात बुडालेला, वर पुराचं कर्ज.

याच बँकेचं दुसरं उदाहरण बांगलादेशातलं. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘सिद्र’ चक्रीवादळ आलं. त्यानंतर एका दात्याने नाव न सांगता १३ कोटी डॉलर दिले. तो दाता सौदीचे राजे अब्दुल्ला होते, हे नंतर कळलं. हा पैसा दान होता, परतफेड नव्हती. या बँकेमार्फत किनारपट्टीवर शंभराहून अधिक इमारती उभ्या राहिल्या. एरवी शाळा, वादळात निवारा. उरलेल्यातून शेतकरी-मच्छीमारांना बिनव्याजी कर्जं मिळाली. ते वाचताना मला मैत्रिणीची शाळा आठवली. आपणही पुरात शाळेतच जातो, फक्त आपली शाळा त्यासाठी बांधलेली नसते.

आता आपल्या नदीकडे या. वेदगंगेवरचं पाटगाव आणि दूधगंगेवरचं काळम्मावाडी ही दोन्ही धरणं महाराष्ट्रात. पाणी तिथून सुटतं आणि निपाणी तालुक्यात चढतं. पुढे कृष्णेवरचं अलमट्टी कर्नाटकात, त्याच्या फुगवट्याची धास्ती सांगली-कोल्हापुरात. पाण्याला हद्द नाही, पण कर्जाला आहे. कोल्हापूरसाठी मंजूर झालेल्या पैशातून यमगर्णीच्या काठावर काम होणार नाही, कारण तो कार्यक्रम महाराष्ट्राचा. पाऊस आणि विसर्गाची माहिती तरी दोन्हीकडच्या गावांना एकाच वेळी मिळावी. त्याला डॉलर लागत नाहीत, दोन सरकारांचं बोलणं लागतं.

यापुढे ‘पुरासाठी इतक्या कोटींची मदत’ अशी बातमी वाचली की मी तीन गोष्टी बघणार आहे. दान की कर्ज? फेडणार कोण, किती वर्षं? आणि काम कुठल्या हद्दीपर्यंत? तुम्हीही बघा.

काकांना हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “फेडू की. खरं पूल तेवढा उंच बांधा म्हणावं.”