थ्रीडी प्रिंटरची थरथर कशी थांबते?

थ्रीडी प्रिंटरवर छापलेला चौकोनी ठोकळा तिरक्या उजेडात धरून पाहा. कोपऱ्यालगत, पुढे विरत जाणाऱ्या बारीक लाटा दिसतील. नोझल वेगात येऊन कोपऱ्यावर झटकन वळतं. त्या झटक्यानं पट्टे ताणले जातात, सांगाडा किंचित लवतो आणि नोझल क्षणभर थरथरतं. ती थरथर प्लास्टिकमध्ये गोठते.

यंत्राला याचा पत्ता नसतो. घरगुती प्रिंटरांत बहुधा स्टेपर मोटर असतात. सांगितली तेवढी पावलं त्या टाकतात; नोझल प्रत्यक्षात कुठं पोचलं, ही खबर परत येत नाही. वेग कमी केला तर लाटा घटतात, पण छपाई रेंगाळते. म्हणून आधी थरथर मोजायची.

अंदाज लाटांवरूनही बांधता येतो. नोझलचा वेग सेकंदाला १०० मिमी आणि दोन लाटांतलं अंतर २.५ मिमी असेल, तर कंपन सेकंदाला ४० वेळा, म्हणजे ४० हर्ट्झ. नेमकेपणासाठी नोझलच्या डोक्यावर एडीएक्सएल ३४५ सारखा छोटा त्वरणमापक बसवतात. मग डोकं वेगवेगळ्या वारंवारतांनी हलवून ते कुठं सर्वांत जास्त थरथरतं हे पाहतात. छपाईचा पाटा सरकत असेल, तर त्याची मोजणी वेगळी.

आता खरी गंमत. ४० हर्ट्झच्या एका हेलकाव्याला २५ मिलिसेकंद लागतात. फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक हुकमाचे दोन भाग करतं आणि दुसरा भाग अर्ध्या हेलकाव्यानं, म्हणजे १२.५ मिलिसेकंदांनी, उशिरा देतं. झोपाळ्याला एक धक्का दिला आणि तो मधून परत येताना त्याच दिशेनं तेवढाच दुसरा दिला, तर झोपाळा थांबतो, तसंच हे. एमआयटीतल्या नील सिंगर आणि वॉरन सीरिंग यांनी १९९० मध्ये ही पद्धत मांडली. तिला 'इनपुट शेपिंग' म्हणतात. क्लिपरसारख्या फर्मवेअरमध्ये ती आज आयती मिळते.

किंमतही आहे. हुकूम पसरल्यानं कोपरे थोडे गोलावतात. वारंवारता जितकी कमी, तितके जास्त. शिवाय ही दुरुस्ती आधी घेतलेल्या मापावर चालते. पट्टा सैल झाला किंवा सरकत्या पाट्यावर जड वस्तू वाढत गेली, की वारंवारता बदलते आणि लाटा परततात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी पट्टे ताणा, स्क्रू आवळा, मगच सेन्सर लावा. सैल यंत्राचं माप घेतलं, तर ते पुढच्या दुरुस्तीनंतर निकामी ठरतं.