घोड्याच्या पोटशुळावरील शस्त्रक्रिया
घोड्याला उलटी करता येत नाही आणि त्याच्या मोठ्या आतड्याचा सुमारे 3 ते 4 मीटर लांबीचा भाग पोटात बराचसा मोकळा असतो. त्यामुळे वायू साठून आतडे फुगले, जागचे सरकले किंवा त्याला पीळ पडला, की पोटशूळ उठतो आणि घोडा जमीन उकरतो, कुशीकडे मान वळवून पाहतो, लोळतो. बहुतेक पोटशूळ औषधांनीच शमतात; मात्र पिळामुळे रक्तपुरवठा तुटला, तर आतड्याचे अस्तर काही तासांतच मरू लागते, आणि तेव्हा वाट पाहण्याइतके घातक दुसरे काही नसते. संपूर्ण भूल देऊन घोड्याला उताणे निजवतात, पोटाच्या मध्यरेषेवर छेद घेतात, सुईने वायू काढून आतडे हलके करतात, गरज पडल्यास ते उघडून आतला चारा धुऊन काढतात आणि पीळ उलगडतात. आतड्याचा रंग परतला नाही, तर शक्य असल्यास काळवंडलेला भाग कापून निरोगी टोके जोडतात. भूल उतरतानाही धोका टळलेला नसतो, कारण सुमारे 500 किलोचे जनावर धडपडत उठताना त्याचा पाय मोडू शकतो. म्हणून गाद्यांनी मढवलेल्या खोलीत, अनेकदा डोक्याला व शेपटीला दोरांचा आधार देऊन, त्याला उभे करतात.