शस्त्रक्रियेपूर्वीचे चार शब्द

शस्त्रक्रिया यशस्वी झालेली असते. रुग्ण भुलीतून हळूहळू शुद्धीवर येतो आणि डोळे उघडताच म्हणतो, ‘मला लघवीला जायचे आहे.’ नळी घातलेली आहे, लघवी आपोआप होत आहे, असे परिचारिका सांगते. पण त्याला ते पटत नाही. ओटीपोटात कळ येते, जळजळ होते, तो उठू पाहतो. क्वचित अर्धवट शुद्धीत नळी ओढली जाते आणि रक्तस्राव होतो. नातेवाइकांना वाटते, शस्त्रक्रियाच बिघडली. हा त्रास सर्वस्वी टळत नसला, तरी रुग्णाला आधी नीट समजावून दिल्यास तो पुष्कळसा सुसह्य होतो.

त्रास का होतो?

दीर्घकाळ चालणाऱ्या किंवा ओटीपोटातील अनेक शस्त्रक्रियांत मूत्राशय रिकामे ठेवण्यासाठी कॅथेटर, म्हणजे मूत्रनलिका, घालावी लागते. आज सर्वत्र वापरली जाणारी नळी अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांच्या नावाने ओळखली जाते. १९३० च्या दशकात ती प्रचारात आली. तिच्या टोकाजवळ लहानसा फुगा असतो. नळी मूत्राशयात पोहोचल्यावर तो निर्जंतुक पाण्याने, बहुधा सुमारे १० मिलिलिटर, फुगवितात. त्यामुळे नळी निसटत नाही.

एरवी मूत्राशयात १५० ते २०० मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते. नळी असताना मूत्राशय रिकामे असते. परंतु फुगा त्याच्या संवेदनशील तळाशी टेकतो, तेथील स्नायू आकुंचन पावतात आणि मूत्राशय भरल्याचा चुकीचा संदेश मेंदूकडे जातो. पुरुषांमध्ये आणि जाड नळी वापरल्यास हा त्रास अधिक होतो.

माहितीचा गुण

भुलीतून जागा होणारा माणूस आधीच गोंधळलेला असतो. त्यात अनपेक्षित वेदना आली की भीती वाढते आणि भीतीने वेदना वाढते. अमेरिकेत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवर झालेला अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी काहींना वेदना कोठे होईल, किती काळ राहील आणि अंग सैल कसे सोडावे हे भूलतज्ज्ञांनी समजावले होते. या रुग्णांना वेदनाशामक औषधे सुमारे निम्मीच लागली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी जाण्यायोग्य झाले. हा अभ्यास जखमेच्या वेदनेचा होता. तथापि मूत्रनलिकेच्या त्रासालाही हेच तत्त्व लागू पडते.

काय सांगावे?

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने रुग्णाजवळ बसून, त्याच्या बोलीत, शक्य तर प्रत्यक्ष नळी व पिशवी दाखवून पुढील गोष्टी सांगाव्यात :

• जाग येईल तेव्हा नळी असेल. लघवी लागल्यासारखे वाटेल, पण ती पिशवीत जात असेल.

• अशा वेळी कुंथू नये. संथ, दीर्घ श्वास घ्यावा व ओटीपोट सैल सोडावे.

• फुगा फुगलेला असताना नळी ओढल्यास मूत्रमार्गाला इजा होते. म्हणून नळीला हात लावू नये.

• पिशवी कमरेच्या खाली, परंतु जमिनीला न टेकेल अशी असावी. नळीला पीळ पडू देऊ नये.

• नळी काढल्यावर पहिल्या एकदोन वेळा थोडी जळजळ होते.

लघवीविषयी बोलण्यास रुग्ण, विशेषतः स्त्रिया, संकोचतात. म्हणून त्यांनी विचारण्याची वाट न पाहता माहिती आपण होऊन द्यावी. रात्री उशाशी बसणाऱ्या नातेवाइकालाही या वेळी जवळ बोलवावे. अर्धवट शुद्धीतील रुग्णाला धीर देणारा तोच असतो.

तक्रार दुर्लक्षू नये

माहिती दिली म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. नळी तुंबली तरी रुग्ण हीच तक्रार करतो. म्हणून पिशवीत लघवी उतरते की नाही, हे प्रथम पाहावे. त्रास तीव्र असल्यास मूत्राशयाचे आकुंचन कमी करणारी औषधे उपलब्ध आहेत. ताप, रक्ताच्या गुठळ्या किंवा लघवी थांबणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना कळवावे. नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून गरज संपताच ती काढावी.

या समजावणीस महाग यंत्र लागत नाही. पाच मिनिटांचा वेळ आणि आपुलकीचे बोलणे पुरते. ग्रामीण रुग्णालयापासून मोठ्या शहरातील रुग्णालयापर्यंत कोठेही ते शक्य आहे. संमतिपत्रावर सही घेताना हे चार शब्दही सांगितले गेले, तर शुद्धीवर येणारा रुग्ण घाबरणार नाही. आपल्याला काय होत आहे, हे त्याला आधीच ठाऊक असेल.