निजामाची विमाने, बीदरची धावपट्टी

नांदेड आणि लातूर ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्या संस्थानाला स्वतःचे लढाऊ विमानदळ नव्हते. विमानांवर पैसा मात्र निजामाने सढळ हाताने खर्च केला, पण तो ब्रिटिशांसाठी. १९१८ साली रॉयल एअर फोर्सच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला डीएच-९ए विमाने मिळाली ती त्याच्याच देणगीतून. १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या बोधचिन्हावर निजामाची पगडी आहे आणि ब्रीद ‘विश्वासू मित्र’!

भारतात विलीन व्हायला नकार देणाऱ्या या संस्थानाची १९४८ साली भारताने नाकेबंदी केल्यावर सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून रात्रीची उड्डाणे करून संस्थानात शस्त्रे उतरवली. त्याची लँकास्ट्रियन विमाने म्हणजे महायुद्धातल्या लँकेस्टर बॉम्बरचाच नागरी अवतार. ही शस्त्रे ज्या राजवटीसाठी येत होती, तिच्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा जाच मराठवाड्यातली गावे सोसत होती, हे विसरता येत नाही. सप्टेंबरमध्ये भारताने संस्थानाविरुद्ध केलेल्या लष्करी ‘पोलीस कारवाई’त भारतीय टेंपेस्ट विमानांनी संस्थानातल्या बीदरच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

उदगीरपासून जवळच असलेल्या त्याच बीदरमध्ये आज भारतीय हवाई दलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे. ‘सूर्यकिरण’ हे कसरतींचे पथक १९९६ साली तिथेच उभे राहिले.