उजेड टाक्यावर पडू द्या

भगिनींनो, आणि हे पान घरात सगळ्यांच्या आधी हातात घेणाऱ्या बंधूंनो,

आज खत, फवारणी किंवा बाजारभाव यांपैकी काही नाही. आज क्रोशाच्या सुईविषयी बोलायचं आहे. हा कुठे शेतीच्या पानाचा विषय, असं कुणाला वाटेल. पण दाराचं तोरण, देवघरातला रुमाल, बाळाचं टोपडं, लोकरीचा स्वेटर हे सगळं गावाकडच्या कितीतरी घरांत हातानेच विणलं जातं. बचत गटांच्या प्रदर्शनात या वस्तू विकायलाही येतात. म्हणजे हा नुसता विरंगुळा राहिला नाही, तो जोडधंदा झाला. आणि जोडधंदा म्हटला की त्याचं अवजार, त्याची वेळ आणि तो करणाऱ्या माणसाची तब्येत यांचा विचार करावाच लागतो.

गेल्या काही वर्षांत बाजारात उजेडाची क्रोशा सुई आली आहे. बटण दाबलं की सुईचं टोक उजळतं. मोबाईलवर तिची जाहिरात पाहून बचत गटाच्या बैठकीत बायका विचारतात, "साहेब, अंधुक उजेडात विणायला ही बरी का? घ्यावी का?" एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून हा लेख.

विणकाम रात्रीच का?

ज्या ज्या बैठकीत "क्रोशा कधी करता?" असं विचारलं, तिथे उत्तर एकच आलं : "जेवणंखाणं आवरल्यावर." सकाळचा उजेड पाणी भरणं, स्वयंपाक आणि जनावरांत जातो. दुपार खुरपणी, वेचणी, काढणीत जाते. संध्याकाळी पुन्हा चूल आणि धारा. रात्री नऊनंतर तिच्या हातात सुई येते, तेव्हा वर एकच बल्ब असतो, तोही खोलीच्या मध्यभागी. त्यात वीज गेली तर तेही नाही. शेतीपंपाला रात्रपाळीची वीज असेल तर घरातली डोक्याला बांधायची बॅटरी दारं धरायला गेलेली असते.

अशा उजेडात टाका चुकतो. दोन खांबांच्या जागी एक पडतो, साखळी कमी भरते, आणि रात्री विणलेल्या चार ओळी सकाळी उसवाव्या लागतात. वस्तू ऑर्डरची असेल तर ते सरळ नुकसान आहे. डोकं दुखतं, मान आखडते, डोळ्यांतून पाणी येतं ते वेगळंच.

करप्याच्या दुष्काळातली सुई

क्रोशाचं आणि शेतकरी घराचं नातं जुनं आहे. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा आला. हाच तो उशिरा येणारा करपा, जो आजही आपल्याकडे थंड, ढगाळ आणि दमट हवेत बटाटा-टोमॅटोचं पीक झोपवतो. तिथली गरीब कुटुंबं बटाट्यावरच जगत होती. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं भुकेने आणि रोगराईने गेली, आणि जवळजवळ तेवढीच देश सोडून गेली. त्या दिवसांत मठांतल्या नन्सनी आणि काही जाणत्या बायकांनी गावातल्या मुलींना क्रोशाची लेस शिकवली. क्लोन्स या गावी कॅसांड्रा हँड यांनी १८४७ साली हे काम सुरू केलं. सुई आणि दोरा एवढ्या भांडवलावर, पीक बुडालेल्या घरांत दोन घास येऊ लागले.

आपल्या देशातलं उदाहरण हवं तर गोदावरीच्या काठाने खाली जा. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणारी ही नदी आंध्रात जिथे समुद्राला मिळते, त्या भागात नरसापूर आहे. तिथल्या बायका एकोणिसाव्या शतकापासून क्रोशाची लेस विणतात. मिशनऱ्यांनी शिकवलेली ही कला पुढे परदेशी बाजारात गेली. २०२४ साली नरसापूरच्या या लेसला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण याच नरसापूरविषयी मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९८२ साली एक पुस्तक लिहिलं, त्यातली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या बायका दिवसाचे कित्येक तास विणत. तरी व्यवहारात त्यांना घरी बसून फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी समजलं जाई. कामच फावल्या वेळातलं ठरलं, मग मजुरीही तशीच तुटपुंजी. आपल्याकडे वेगळं काय चाललं आहे, ते ज्याने त्याने आपल्या घरात पाहावं.

सुई उजळते कशी?

आता अवजाराकडे येऊ. या सुईची मूठ पोकळ असते. मुठीत एक छोटा एलईडी दिवा आणि बॅटरी बसवलेली असते. पुढचा दांडा पारदर्शक प्लॅस्टिकचा असतो. पाइपातून पाणी जसं मधे न गळता शेवटच्या तोटीला निघतं, तसा मुठीतला उजेड दांड्याच्या आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो आणि टोकाच्या आकडीपाशी बाहेर पडतो. त्यामुळे नेमकी आकडी आणि तिच्यावरचा फास उजळतो.

दोन प्रकार मिळतात. एकात प्रत्येक जाडीची सुई वेगळी असते आणि आत बटणासारखे चपटे सेल असतात. दुसऱ्यात मूठ एकच, तिला वेगवेगळ्या जाडीची टोकं बसवता येतात, आणि मूठ मोबाईलसारखी चार्ज करता येते. रोज विणणारीला दुसरा प्रकार परवडतो, कारण सेल पुन्हा पुन्हा विकत घ्यावे लागत नाहीत.

कुठे उपयोगी, कुठे नाही

या सुया साधारण अडीच ते साडेसहा मिलिमीटर जाडीच्या असतात. म्हणजे त्या लोकरीच्या कामाच्या. बारीक सुती दोऱ्याचे रुमाल आणि लेस यांसाठी आपण एक-दीड मिलिमीटरची पोलादी सुई वापरतो. तेवढी बारीक सुई प्लॅस्टिकची केली तर ती लगेच मोडेल. तेव्हा तुमचं काम बारीक दोऱ्याचं असेल तर या सुईवर पैसे घालू नका.

तिचा खरा फायदा काळ्या, गर्द निळ्या, तपकिरी लोकरीच्या कामात होतो. गडद लोकर उजेड शोषून घेते, म्हणून वरून कितीही दिवा लावला तरी टाके एकमेकांत मिसळलेले दिसतात. इथे उजेड टाक्याच्या आतून येतो, त्यामुळे फासाची कड स्पष्ट दिसते. बाळ झोपलं आहे, मोठा दिवा लावता येत नाही, अशा वेळीही ती सोयीची आहे.

पण मिट्ट अंधारात फक्त सुईच्या उजेडावर काम करू नये. डोळा एकदा उजळलेल्या टोकावर, एकदा काळोखात असा सारखा फिरत राहतो आणि लवकर थकतो. शिवाय टोक दिसतं, पण मागच्या ओळी दिसत नाहीत आणि नक्षीचा कागदही दिसत नाही. खोलीत मंद का होईना, दुसरा दिवा हवाच. प्लॅस्टिकची सुई पोलादीसारखी झरझर सरकत नाही, घट्ट विणणाऱ्या हाताला ती अडखळते, हेही ध्यानात घ्या.

सेलची काळजी

आणखी एक गोष्ट, आणि ही गंभीर आहे. या सुयांतले चपटे सेल लहान मुलाच्या हाती लागता कामा नयेत. मुलाने सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत आतून भाजल्यासारखी इजा होऊ शकते. सुई घेताना सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं आहे ना, ते पाहा. संपलेले सेलही तितकेच धोक्याचे, ते उंबऱ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

आधी दिवा खाली आणा

सुई घेण्याआधी एक बिनपैशाचा उपाय करून पाहा. उजेडाचा एक साधा हिशेब आहे : दिव्याचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, आणि अंतर चौथाई केलं की सोळापट. बारीक विणकाम-शिवणकामाच्या जागी ७५० लक्स उजेड असावा, असं युरोपातलं मानक सांगतं. आपला ९ वॉटचा एलईडी बल्ब मांडीवरच्या कामापासून दोन मीटर उंच असेल, तर तिथे त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पोहोचतो. तोच बल्ब अर्ध्या मीटरवर आणला तर काम निघतं. जास्त वॉटचा बल्ब आणायची गरज नाही.

पूर्वी युरोपातल्या लेस विणणाऱ्या बायका एका मेणबत्तीभोवती पाण्याने भरलेले काचेचे चंबू मांडत. ज्योतीचा उजेड त्यातून एकवटून प्रत्येकीच्या हातावर पडे. एका मेणबत्तीत चौघींचं काम भागे. आपल्याला एवढी खटपट नको. पुढील गोष्टी पुरतात :

– टेबलावरचा दिवा किंवा वायर वाढवून खाली आणलेला बल्ब वापरावा. जोड उघडा ठेवू नये. दिव्यावर टोपी असावी, म्हणजे उजेड डोळ्यांत न जाता कामावर पडेल.

– उजव्या हाताने विणणारीने दिवा डाव्या खांद्याच्या बाजूला ठेवावा. हाताची सावली टाक्यावर पडत नाही. डावखुरीने उलट करावं.

– गडद लोकर असेल तर मांडीवर पांढरं फडकं पसरावं, पांढरा दोरा असेल तर गडद. टाका उठून दिसतो.

– दर दहा किंवा वीस टाक्यांवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण बांधावी. मोजणी चुकली तरी सगळं उसवावं लागत नाही.

– वीज जाणाऱ्या गावात सौर दिवा ठेवावा. आयआयटी मुंबईच्या कार्यक्रमातून २०१४ नंतरच्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रासह काही राज्यांत मुलांच्या अभ्यासासाठी असे लाखो दिवे पोहोचले, आणि त्यांची जुळणी खेड्यातल्या माणसांनीच केली. अभ्यासाला जो दिवा चालतो, तो क्रोशालाही चालतो.

डोळ्यांचीही मशागत हवी

कमी उजेडात काम केल्याने डोळे कायमचे जातात, असं नाही. ते थकतात, दुखतात, आणि विश्रांतीने बरे होतात. पण कधी कधी दोष उजेडाचा नसतोच. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसू लागतं, म्हणून तर त्या चष्म्यालाच आपण चाळिशी म्हणतो. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. म्हणून आजी म्हणतात, "सूनबाई, दिवा लाव गं," आणि सूनबाईला वाटतं की उजेड तर आहे. दोघींचंही खरं असतं.

सुई हातभर लांब धरून दोरा ओवावा लागत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर उजेडाची सुई काही करू शकणार नाही, शस्त्रक्रियाच लागते, आणि ती सरकारी कार्यक्रमात मोफत होते. मधुमेह असणाऱ्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी चुकवू नये. दिवस मावळला की चाचपडायला होत असेल तर रातांधळेपणाची शंका घ्यावी. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांच्या बाबतीत तर विशेष. परसबागेत शेवगा, अळू, पपई, लाल भोपळा लावा आणि ते घरात खा, सगळं बाजारात पाठवू नका.

विणताना दर वीस मिनिटांनी मान वर करून लांब पाहावं. चार वेळा पापण्या मिटाव्यात.

दिवसाचा एक तास

शेवटी एक सांगणं आहे, आणि ते बंधूंना आहे. आपण पिकाचं नियोजन करतो, तसं या कामाचंही करता येतं. सुरुवातीचं कडं घालणं, नक्षी मोजणं, तुकडे जोडणं, गडद रंगाचं काम हे दिवसाच्या उजेडात. सरळ ओळी, साखळी, मुके खांब हे सवयीच्या हाताने रात्री. असं वाटून घेतलं की उसवणं कितीतरी कमी होतं. पण त्यासाठी बाईला दिवसाचा एक तास मोकळा मिळायला हवा. तो तास दुकानात विकत मिळत नाही. दुपारी ओसरीवर कडेला बसून ती विणत असेल, तेव्हा पाण्याचा तांब्या आपला आपण भरून घ्यावा. जनावरांची एक वेळची वैरण मुलाने टाकावी. ऑर्डरचे पैसे घरातच येणार आहेत, मग तिच्या तासाची गणती कामात धरायला काय हरकत आहे?

आपण रोपाला सावलीतून काढून उन्हात लावतो, कारण त्याशिवाय ते वाढत नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. लोकरीचं काम असेल, पैसे असतील, तर उजेडाची सुई जरूर घ्या, चांगली वस्तू आहे. पण त्याआधी तीन कामं या आठवड्यात करा : दिवा खाली आणा, डोळे तपासा, आणि घरात बसून त्या एका तासाचं ठरवा.