सातासमुद्रापारचं मैदान (लेखांक 6) : पासपोर्टची किंमत

गेल्या आठवड्यात आपण परदेशात खेळणाऱ्या बास्केटबॉलपटूचं करारपत्र उलगडून पाहिलं. हातात पडणारा पगार, क्लबने द्यायचं घर, गाडी, विमानाची तिकिटं, सगळं त्यात आलं. पण ते करारपत्र कुणापुढे ठेवायचं हे ठरवण्याआधी क्लब आणखी एक कागद बघतो. खेळाडूचा पासपोर्ट.

आयपीएलमध्ये अकरा जणांत चारच परदेशी, हा नियम आपल्याला पाठ आहे. बास्केटबॉलच्या बहुतेक लीगमध्ये अशीच मर्यादा असते. पण तिथे मैदानात एका वेळी पाचच जण असतात, त्यामुळे एकेका परदेशी जागेचं मोल फार वाढतं. त्या एका-दोन जागांवरचा खेळाडू गुण करणारच, सामना ओढून नेणारच, हे गृहीत धरलेलं असतं. दोन-तीन सामने फिके गेले की क्लब एजंटांना फोन लावायला लागतो. तेवढेच गुण करणाऱ्या स्थानिक खेळाडूला मात्र सांभाळून घेतलं जातं, कारण त्याच्या तोडीचा दुसरा माणूस त्या देशात सहज मिळत नाही.

मर्यादा घालायला कारणंही तशीच असतात. दाराला काहीच अडसर नसेल तर अमेरिकेतून दर वर्षी बाहेर पडणारे शेकडो कॉलेज खेळाडू कुठलीही छोटी लीग भरून टाकतील आणि तिथल्या मुलांना बाकावर बसून राहावं लागेल. ही काळजी खरी आहे. पण तिच्यापोटी काही वेळा विचित्र नियम जन्माला येतात. दक्षिण कोरियाच्या केबीएल लीगने 2018 मध्ये परदेशी खेळाडूंच्या उंचीलाच कात्री लावली. संघात दोन परदेशी, त्यातला एक 200 सेंटिमीटरपर्यंत, दुसरा 186पर्यंत. खेळ वेगवान व्हावा आणि प्रेक्षक यावेत, हा हेतू. त्या मोसमात सामन्यामागे सर्वाधिक गुण करणारा डेव्हिड सायमन मोजपट्टीखाली उभा राहिला आणि 202.1 सेंटिमीटर भरला. दोन बोटांएवढ्या फरकापायी त्याची कोरियातली नोकरी गेली. दुसरा परदेशी खेळाडू चार्ल्स रोड्स 199.2 भरला आणि आनंदाने उड्या मारू लागला. उंच असावं म्हणून ज्या खेळात आया मुलांना लोंबकळायला लावतात, त्या खेळात एक धडधाकट माणूस आपण बुटके निघालो म्हणून नाचत होता. पुढच्याच वर्षी लीगने ही मर्यादा उठवली.

उंची बदलता येत नाही, नागरिकत्व मात्र बदलता येतं. इथे मला जे. आर. होल्डनची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

होल्डन पिट्सबर्गचा. जेमतेम सहा फुटांपुढचा गार्ड, कॉलेज बकनेल. बकनेल म्हणजे काही बास्केटबॉलची पंढरी नव्हे. 1998 मध्ये तो बाहेर पडला, तेव्हा अमेरिकेची अव्वल लीग असलेल्या एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. त्यातच त्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या वादात एनबीएला टाळेबंदी लागली. होल्डन लॅटव्हियात गेला. तिथून बेल्जियम, मग ग्रीसमध्ये एईके अथेन्स, आणि 2002 मध्ये रशियातला बलाढ्य सीएसकेए मॉस्को. एकेका मोसमाने वरची पायरी चढत जाणं, हे परदेशात खेळणाऱ्याच्या आयुष्याचं अस्सल रूप. त्यात रातोरात काही घडत नाही.

मॉस्कोत घडलं ते मात्र एका सहीने. 2003 मध्ये राष्ट्राध्यक्ष पुतिन यांच्या हुकमाने होल्डनला रशियाचं नागरिकत्व मिळालं. त्याची रशियन भाषा बेताची होती, घरदार अमेरिकेत होतं. पण देशांतर्गत लीगमध्ये तो आता ‘आपला’ झाला आणि क्लबची एक परदेशी जागा मोकळी झाली. त्या जागेवर आणखी एक तगडा खेळाडू आणता येतो, म्हणून असा पासपोर्ट असलेल्या अमेरिकनाला बाजारात जास्त भाव मिळतो. सीएसकेएने 2006 आणि 2008 मध्ये युरोपातल्या क्लबची अव्वल स्पर्धा, युरोलीग जिंकली, दोन्ही वेळा होल्डन संघात होता.

पासपोर्टने आणखी एक दार उघडलं. फिबा या बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमानुसार वयाच्या सोळाव्या वर्षानंतर नागरिकत्व घेतलेला एकच खेळाडू राष्ट्रीय संघात ठेवता येतो. रशियाने ती जागा होल्डनला दिली. सप्टेंबर 2007, माद्रिद, युरोबास्केट या युरोपीय देशांच्या स्पर्धेची अंतिम लढत. समोर यजमान आणि विश्वविजेता स्पेन, 59-58 असा एका गुणाने पुढे. घड्याळात काही सेकंद उरलेले. होल्डनने चेंडू थोपटत जागा काढली आणि उडी घेऊन फेकला. चेंडू कडीवर आपटला, उसळला आणि आत पडला. 2.1 सेकंद शिल्लक. स्पेनच्या पाउ गॅसोलचा शेवटचा प्रयत्न हुकला आणि सोव्हिएत संघ फुटल्यानंतर रशिया पहिल्यांदा युरोपचा विजेता झाला. रशियाचे प्रशिक्षक डेव्हिड ब्लॅट हेही अमेरिकेत जन्मलेले.

या विजयाला भाडोत्री म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ज्या खेळाडूला त्याच्या देशाच्या लीगने एकदाही मैदानावर उतरवलं नाही, तो दुसऱ्या देशाच्या हिवाळ्यात सलग नऊ मोसम राबला. त्या कागदामागे तेवढा घाम होता.

आपल्याकडे हे इतकं सहज होत नाही. दुहेरी नागरिकत्वाला भारतात वाव नाही, आणि भारताच्या संघात खेळायचं तर भारताचाच पासपोर्ट हवा. 2015 मध्ये सॅक्रामेंटो किंग्जकडून खेळलेला सिम भुल्लर हा एनबीएतला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू. सात फूट पाच इंचांचा हा गडी टोरांटोतल्या पंजाबी घरातला, पासपोर्ट कॅनडाचा. आपल्या संघाला गरज आहे ती नेमक्या अशा उंचीची. पण त्यासाठी त्याला कॅनडाचं नागरिकत्व सोडावं लागलं असतं. तो पुढे तैवानच्या लीगमध्ये गेला, परदेशी खेळाडूच्या जागेवर.

होल्डनच्याच वाटेने 2008 मध्ये बेकी हॅमन गेली. अमेरिकेतल्या साउथ डकोटाची ही बास्केटबॉलपटू रशियाच्या जर्सीत बीजिंग ऑलिंपिकला उतरली आणि कांस्यपदक घेऊन परतली. अमेरिकी संघाच्या प्रशिक्षक अ‍ॅन डोनोव्हन यांनी तिच्या देशप्रेमावरच बोट ठेवलं होतं. मायदेशात खेळून मिळणाऱ्या पगाराच्या कितीतरी पट रक्कम मॉस्कोत मिळत होती, ही तिच्या निर्णयाची दुसरी बाजू. अमेरिकेतल्या अव्वल महिला खेळाडूंवर दर हिवाळ्यात रशिया आणि तुर्कस्तान गाठायची वेळ का यायची, त्या पैशांचा हिशेब पुढच्या लेखांकात.